हिरव्याच्या कप्प्यात लाल

तळाचा कप्पा

साड्या न्यायच्या बांबूच्या पाट्या दुपारी येणार होत्या, म्हणून किशोरीनं कपाट सकाळीच रिकामं केलं.

पलंग दिसेनासा झाला. साड्या उशांवरून घसरल्या, खुर्चीवर चढल्या, दोन-चार जमिनीवर उतरल्या. घरापुढच्या खळ्यात कालच्या मांडवाचे वासे अजून उभे होते. काल गुरुदासचं वर्षश्राद्ध झालं, पिंडाला कावळा लगेच शिवला, सोयरेधायरे जेवून आपापल्या गावी गेले. राहिली ती घरची माणसं. आणि केळुसकरांच्या घरात घरच्या माणसांचं खरं काम वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी असतं. त्या दिवशी रंग काढतात.

कसं, तर मोठी जाऊ आणि नणंद कपाटापुढे एकेक पाटी आणून ठेवतात. गेलेल्याची बायको पाटावर बसते, कपाटाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. तिच्या पाठीमागे तिच्या साड्या निघत जातात. हिरव्या, लाल, पिवळ्या, केशरी, जरीच्या. उरतं ते तिचं. पांढरं, राखाडी, चॉकलेटी. मग दार लागतं, किल्ली तिच्या हातात परत येते आणि कुणीतरी चहा ठेवतं. कुणी रडत नाही. ओरडत तर नाहीच.

किशोरीच्या सासूबाईंनी, काशीबाईंनी, असंच भिंतीकडे बघितलं होतं. काशीबाईंच्या सासूनंही.

"आई, मी लावते," भक्ती म्हणाली. पुण्याहून श्राद्धाला आलेली लेक, दोन दिवस काहीतरी करायला मिळावं म्हणून तळमळत होती. "रंगानं लावूया. फिकटापासून गडदपर्यंत. उघडल्यावर कसलं सुंदर दिसतं माहितीये?"

"रंगानच लावचा आसा," किशोरी म्हणाली.

भक्तीनं उत्साहानं ढीग पाडले. लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे, मध्ये पिवळ्यांचा बांध. किशोरी शांतपणे बघत राहिली. मग तिनं डाळिंबी रंगाची एक साडी तिसऱ्या कप्प्यात ठेवली, तिच्यावर आंब्याच्या पानासारखी गडद हिरवी, तिच्यावर चॉकलेटी, तिच्यावर पुन्हा लाल.

"आई, चुकतंय."

"नाय चुकत."

"अगं हिरवी आहे ती!"

"माका म्हायत आसा हिरवी आसा ती. माका दिसता."

जांभळी निळ्यांच्या कप्प्यात गेली. पोपटी पिवळ्यांत गेली. गुलाबी गेली राखाडीच्या शेजारी, अगदी घडीला घडी लावून. भक्ती कमरेवर हात ठेवून बघत होती. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती मोठ्यानं हसली.

"कळलं! मोठी काकी न् आत्या शोधत बसतील. एकेक घडी उलगडून बघावी लागेल. मस्त!"

किशोरीनं तिचा समज मोडला नाही. लेकीलाही ठाऊक नव्हतं. या घरात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसानं न सांगण्याचा शब्द दिला होता, भक्ती मांडीवर असताना.

तिसरा कप्पा

किशोरी मिठबावला माहेरी बाळंत झाली होती. तीन महिन्यांची भक्ती घेऊन ती तारकर्लीला परत आली, तेव्हा गुरुदासनं तिला पायसुद्धा नीट धुऊ दिले नाहीत. हाताला धरून आत नेलं.

फणसाच्या लाकडाचं हे कपाट नवंच होतं तेव्हा. शेजारच्या मिंगेलनं केलेलं, हळदीसारखं पिवळं. गुरुदासनं लाकूड स्वतः निवडलं होतं. "ह्यो रंग माका आवाडता," म्हणाला होता. त्यानं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला, दिवाळीत पोरं आपला आकाशकंदील दाखवायला उभी राहतात तसा.

"तू नसताना लावलंय. रंगान."

किशोरीनं बघितलं. लालावर हिरवी, हिरवीवर तपकिरी, त्यावर पुन्हा लाल. राखाडीला बिलगून गुलाबी. तिला वाटलं हा थट्टा करतोय, आणि ती पोट धरून हसली. टाके दुखेपर्यंत हसली. मग लक्षात आलं की गुरुदास हसत नाहीये.

त्यानं भक्तीला तिच्या हातातून घेतलं, लेकीकडेच बघत बोलला. लग्नाआधी तो मुंबईत जहाजाच्या नोकरीला गेला होता. स्टुडिओत पांढऱ्या गणवेशात फोटो काढून झाला होता, घरी पाठवून झाला होता. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं एक पुस्तक पुढ्यात धरलं. बाकीच्या पोरांना ठिपक्यांत आकडे दिसत होते. त्याला नुसती वाळू. लाल दिवा कुठला, हिरवा कुठला, हे ज्याला कळत नाही त्याला बोटीवर घेत नाहीत. तो घरी यायला निघाला आणि इकडे बापाला लकवा मारला. उंबऱ्यात पाय ठेवला तर सगळं घर त्याच्या गळ्यात पडून रडायला लागलं, की आमचो गुरगो बापासाठी बोट सोडून इलो.

"मगे काय सांगतलय होतय?" तो म्हणाला. "ह्या तुज्यात नि माज्यात ऱ्हवांदे."

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.

राहिलं. तीस वर्षं राहिलं. आणि या तीस वर्षांत तो रोज सकाळी चहा पिताना एकच प्रश्न विचारायचा, "आज कसलो नेसलस?" ती सांगायची. कधी कधी खोटंच सांगायची. हिरवी नेसून म्हणायची, तांबडो. तो मान डोलवायचा, "बरो दिसता." मग ती हसायला लागली की त्याला कळायचं, आणि तो बशी आदळायचा. त्यांच्या संसारातली ही एवढीच एक चैन होती, फुकटची.

दार

सुभद्रा पुढे, संचिता मागे. दोघींच्या कमरेला बांबूच्या पाट्या. त्यांच्या मागून काशीबाई भिंतीला हात लावत लावत आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. त्यांचं वय झालं होतं, नजर मात्र अजून सुई ओवण्याइतकी लख्ख.

सुभद्रा थोरली जाऊ. या घरात येऊन तिला चाळीस वर्षं झाली होती, आणि या चाळीस वर्षांत तिनं कुठल्या सणाला एक नैवेद्य चुकवला नव्हता. संचिता नणंद, गुरुदासची पाठची, खारेपाटणला दिलेली. ती कालपासून येता-जाता किशोरीच्या हातावर हात ठेवत होती, बोलत मात्र नव्हती.

"पाट खंय?" सुभद्रानं विचारलं.

"सैपाकघरात. भाकऱ्यो ठेयलंय तेच्यार."

"पाट हाड मगे नि बस. उगाच उशीर नको."

"मी बसणय नाय, वयनी."

"उभ्यान कसा चलात?"

"दार मी धरतय," किशोरी म्हणाली. "तुमी बघा. माज्या समोर बघा. माजा कपाट, मीच उघडून दाखवतय."

आणि तिनं दोन्ही दारं सताड उघडली.

सुभद्रा पुढे झाली, थांबली. तिची नजर वरून खाली गेली आणि खालून वर आली. संचितानं तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि तोंडावर पदर धरला. हसू आवरायला की काय, ते कळलं नाही.

"ह्या काय केलंस गो?" सुभद्रा म्हणाली. "सगळा कालवून ठेयलंस? आमका फसवूक?"

"कालवूक नाय. लावलंय. रंगान लावलंय."

"ह्या रंगान? तांबड्यार हिरवो?"

"व्हय."

"तुजा डोक्या ठिकाणार आसा मां?"

"आई ठीक आहे, काकी," भक्ती दारातून म्हणाली.

"तू गप ऱ्हव. तुका कोणी इचारूक नाय." सुभद्रानं पाटी धपकन खाली ठेवली. "फसवतलस कोणाक? आमका डोळे आसत. बस गो संचिता, काढूया एकेक."

गुलाबी की राखाडी

"ही चॉकलेटी. ऱ्हवांदे तिका."

"चॉकलेटी खंय गो वयनी? उजेडात धर. तांबूस मारता."

"तांबूस मारता म्हंजे तांबडी न्हय."

"मगे विटकरी म्हण."

"विटकरी चलता?"

"आमच्या खारेपाटणात चलता."

"खारेपाटणात काय वाट्टेल ता चलता. ही बघ. राखाडी."

"गुलाबी ती! माज्या बारशाक नेसललेली ही. पोरग्याच्या माज्या, बारशाक."

"धुवान धुवान राखाडी झाली मगे."

"मुळात गुलाबी ती."

"आता काय आसा ता बघ, मुळात कोण काय होता ता बघीत बसलंव तर सांज होतली."

"मोरपंखीचा काय?"

"तेच्यात हिरवो आसा. पाटयेत घाल."

"निळोय आसा मां."

"मगे अर्धी कापून न्हे!"

"आये, तुमी सांगा. ही डाळिंबी, ही तांबडी म्हणाची काय?"

काशीबाई खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होत्या.

रिकामा कप्पा

पाचव्या कप्प्यात गुरुदासचे सदरे असायचे. तो किशोरीनं तसाच ठेवला होता, आणि त्याच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

पुन्हा तिसरा

अर्ध्या तासात दोन्ही पाट्यांत मिळून तीन साड्या पडल्या होत्या, आणि त्यातली एक संचितानं हळूच पुन्हा वर ठेवली. सुभद्रानं ते बघितलं.

"तुजा मन नाय तर तू कित्याक इलस?"

"मन आसा गो. पण असा ओरबाडल्यासारख्या वाटता. ती उभी ऱ्हवान बघता मां."

"म्हणानच पाठ करून बसवतत!" सुभद्रा ताडकन उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "किशोरी, माका तुज्या साडयेची हाव नाय. माज्या कपाटात ठेवक जागा नाय. पण आयेचे काढले. तिच्या सासूचे काढले. उद्या माजी पाळी इली तर माजेय काढतले आणि मी गुमान बसतलय. तू कोण मोठी लागान गेलस?"

"एस्पेरांसान वर्सभर काळो नेसल्यान," किशोरी म्हणाली. शेजारच्या मिंगेलची ती बायको, मिंगेल गेल्यावर वर्षभर काळ्यात वावरलेली. "वर्स झाला, तिनाच काढून ठेयल्यान. कोणी पाटी घेवन इला नाय तिच्याकडे."

"तेंचा येगळा."

"मीय वर्सभर पांढऱ्यात काढलंय. कोणी सांगूक नाय तरी काढलंय. माका दुःख होता म्हणान काढलंय. आता बस झाला."

"बस झाला ता तू ठरवतलस?"

"मगे कोण?"

आवाज खळ्यात गेला होता. वासे सोडवणारे हात थांबले आणि वासुदेव दारात येऊन उभा राहिला. गुरुदासचा थोरला भाऊ, घरातला आता एकटा पुरुष माणूस. बायकांच्या या कामात पुरुषानं आत यायचं नसतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काय झाला?"

"धाकटी नाय म्हणता," सुभद्रा म्हणाली.

वासुदेवनं किशोरीकडे बघितलं नाही. तो पडवीतल्या भिंतीकडे बघत होता. तिथं पांढऱ्या गणवेशातला गुरुदास होता, बावीस वर्षांचा, टोपी काखेत, कालचा हार अजून गळ्यात.

"किशोरी, मी काय जास्ती बोलणय नाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "गुरग्यान ह्या घरासाठी बोट सोडल्यान. अंगार युनिफॉर्म चढललो तेच्या. बापाशीक लकवो मारलो म्हणान कळला आणि सगळा सोडून इलो. मी थोरलो, पण मी सोडूक नसतंय. ह्या मी साऱ्या गावात सांगतय. आणि तेच्या नावान तुका चार साडये सोडूक जमणत नाय?"



किशोरीच्या हाताखाली कपाटाचं दार होतं. मिंगेलनं रंधा मारून मारून गुळगुळीत केलेलं, गुरुदासनं निवडलेलं पिवळं लाकूड. ह्या तुज्यात नि माज्यात. तीस वर्षं तिनं कपाट सांभाळलं आणि कपाटानं त्याला. एकेका रंगाला तिनं एकेक कप्पा ठरवून दिला होता, आणि ती नुसतं म्हणायची, तिसऱ्यातली हाड. लग्नाला जाताना, पाहुणे आल्यावर, तो बरोबर साडी आणून द्यायचा आणि कुणाला कधी काही कळायचं नाही. तिनं त्याला उघडं पडू दिलं नव्हतं, आणि आता तो गेला. त्याचं गुपित ह्या कपाटात राहणार, ठीक. पण त्याच्याबरोबर मीही आत जाऊन बसायचं?

नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तेंनी बोट सोडूक नाय. बोटीन तेंका घेवक नाय."

"काय?"

"तेंका तांबडो आणि हिरवो येगळो दिसलोच नाय कधी. जल्मापासून. डॉक्टरान तपासल्यान आणि परत धाडल्यान. बाबांका लकवो मारलो ता मगे कळला. तुमी सगळ्यांनी धरून रडूक सुरुवात केलास, तेंका सांगूक जमला नाय. माका सांगल्यानी. कोणाक सांगू नको म्हणाले. आज मी सांगतय."

"खोटा," वासुदेव म्हणाला. "साडयेसाठी तू माज्या भावाक आंधळो करतस?"

"आंधळे नाय. आमच्यापेक्षा येगळा दिसा तेंका, इतक्याच." तिनं तिसऱ्या कप्प्यावर हात ठेवला. "ह्या तेंनी लावल्यानी होता. भक्तीच्या वेळेक, मी माहेराक होतय तेव्हा. ह्यो तांबडो, ह्यो हिरवो, ह्यो चॉकलेटी. तेंच्या डोळ्यांक तिनय एकच. ही गुलाबी आणि ही राखाडी, एकच. आज मी तसाच लावलंय. वयनी, तुमी आता अर्धो तास बसलास मां? तुमका दोघींक तरी खंय जमला येगळा करूक?"

भक्ती दाराची चौकट धरून उभी होती. "शाळेच्या रिबिनी," ती पुटपुटली. "बाबा दर वेळी दुकानदाराला विचारायचे. मला वाटायचं, त्यांना लक्षातच राहत नाही."

"मुद्दाम रचलंस," वासुदेव म्हणाला, पण आता तो किशोरीकडे बघत होता.

"रातांबे," खिडकीकडून आवाज आला.

सगळे वळले. काशीबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. खिडकीबाहेर खळ्यात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, खाली पडलेली लालजांभळी फळं, आणि वर पानांत लपलेली अजून न पिकलेली हिरवी.

"तो कच्चे रातांबे काढी," त्या म्हणाल्या. "दर वर्सा. सगळी पोरा पिकले हाडीत, ह्यो हिरवे. आमसुलाची सोलां सुकत घातली काय अर्धी फुकट. माका वाटला, कंटाळो करता, हाताक गावतत ते ओरबाडता. शिपटी घेवन फोडलय तेका मी. तो रडी आणि सांगी, आये, पिकलो म्हणानच काढलय. मगे आणि फोडलय. खोटा बोलता म्हणान."

वासुदेवचा हात चौकटीवर गेला. "आमी तेका हिरवो रातांबो म्हणान चिडवू," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. मग तो दारातून दूर झाला, आणि खळ्यात पुन्हा वासे सोडवल्याचा आवाज मात्र आला नाही.

काशीबाई उठल्या. संचिता आधाराला पुढे झाली, तिचा हात त्यांनी बाजूला केला. कपाटापर्यंत आल्या आणि कप्प्यांकडे बघत उभ्या राहिल्या, देवळात गर्दी ओसरल्यावर माणूस उभा राहतो तशा.

"तेका ह्या असा दिसा?"

"व्हय, आये."

"ह्यो आणि ह्यो, सारख्येच?"

"सारख्येच."

"बरा," सुभद्रा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यामुळं ती आणखीच चिडली होती. "तेका दिसाक नाय. मानलंय. पण गावाक दिसता मां? गावाक काय सांगूचा?"

"गाव माजो घोव न्हय," किशोरी म्हणाली.

संचिता फस्सकन हसली आणि तिनं लगेच जीभ चावली.

"हसा नको गो," किशोरी म्हणाली आणि सुभद्राकडे वळली. "वयनी, ज्येंच्या नावान ह्यो हिरवो काढूक इलास, तेंका ह्यो हिरवो एक दिवस दिसूक नाय. तीस वर्सां मी हिरवी नेसलंय, तांबडी नेसलंय. कोणासाठी नेसलंय असा वाटता तुमका? तेंच्यासाठी? तेंका सांगूचा लागा होता कसलो रंग तो. मी माज्यासाठी नेसा होतंय. माजा माका आवडा म्हणान. तेंका माज्यात काय आवडला ता रंग न्हय होता. मगे ते गेले तर रंग कित्या जाता?"



"भक्तीच्या लग्नात मांडवात तू खंय बसतलस ता बघूया," सुभद्रा म्हणाली.

"मधी."

"मी सांगूचा ता सांगलंय."

"व्हय. आणि मी ऐकलंय."

सुभद्रानं पाटी उचलली. तिच्यात दोन साड्या होत्या, त्या तिनं बघितल्या, आणि पलंगावर ठेवल्या. दारात तिचा पाय अडखळला. "माज्या वेळाक…" ती म्हणाली, मग नवऱ्याचा खळ्यातला खोकला ऐकू आला आणि तिनं वाक्य गिळलं. असलं बोलायचं नसतं. ती निघून गेली.

"रातांबे पडलेत खाली," संचिता घाईनं म्हणाली. "वाया जातले. मी पाटी थंय न्हेतय." तीही गेली, पण जाताना किशोरीचा हात तिनं या वेळी नुसता शिवला नाही, दाबला.

काशीबाई मात्र तिथंच. त्यांचा हात तिसऱ्या कप्प्यात मनगटापर्यंत गेला होता.

"माज्या वेळाक मी भिंतीकडे तोंड करून बसलंय," त्या म्हणाल्या. "काय काय काढल्यानी, ता माका दिसूक नाय. नुसतो आवाज. घडी घसारता मां, तसो. हिरव्या काठाची एक होती. ती आधी गेली काय मगे गेली, अजून म्हायत नाय. माका सगळे रंग दिसतत गो. अजून दिसतत. तरी मी बसलंय."

त्यांनी हात बाहेर काढला. हातात घडी होती.

"आये, घेतास?"

"नको गे. ह्या वयात काय." असं म्हणून त्या वळल्या आणि घडी पोटाशी धरून आपल्या खोलीकडे चालू लागल्या. किशोरीनं त्यांना हाक मारली नाही.

बाहेरचा कप्पा

भक्तीनं उरलेल्या साड्या उचलल्या. "आई, आता कशा लावू? नीट लावू?"

"आसा तसाच ऱ्हवांदे." किशोरीनं आंब्याच्या पानासारखी ती गडद हिरवी ओढून काढली. "दार लोट. माका नेसूक दी."

वर्षानंतर हातांना रंगीत साडीच्या निऱ्यांची सवय परत लागायला वेळ लागला नाही. वर्षभर अंगाला पांढरं लागत होतं ते पातळ, बिनवजनाचं. ही साडी जड होती. पदर खांद्यावर पडला तेव्हा तो पडल्याचं कळलं.

पडवीत वासुदेव होता. त्यानं फोटो भिंतीवरून उतरवला होता आणि दोन्ही हातांत धरून उभा होता. हार जमिनीवर काढून ठेवलेला. किशोरीला बघून त्याची नजर साडीवर गेली आणि तिथून निघायला त्याला वेळ लागला.

"ह्यो फोटो," तो म्हणाला. "आता ह्यो काढूचो मगे? बोटीर गेलोच नाय तर?"

"कित्या? बरे दिसतत तेच्यात."

"मी साऱ्या गावात सांगलंय."

"सांगलास ता काय वायट सांगूक नाय. बापाशीची सेवा तेंनी केल्यानी. ती खोटी न्हय."

 वासुदेवनं फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला. तो वाकडा बसला. त्यानं सरळ केला नाही, हार उचलून पुन्हा घातला आणि हात पुसत बाजूला झाला.

खळ्यात संचिता रातांबे वेचत होती. सुभद्रा पाटी घेऊन तिच्यापासून दूर, झाडाच्या पलीकडच्या बाजूला वाकली होती, आणि वेचता वेचता पडवीकडे बघत होती. कुंपणापलीकडे एस्पेरांसा कपडे वाळत घालता घालता थांबली होती. सगळ्यांना दिसत होतं.

किशोरी फोटोसमोर उभी राहिली. रोज सकाळी चहा घेऊन उभी राहायची तशीच. आज कुणी विचारलं नाही, पण उत्तर द्यायची वेळ झाली होती, आणि आज तिला थट्टा करायची नव्हती.

"हिरवो," ती म्हणाली. कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.